दीड दिवसाचा सीझन

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो तो पार जानेवारीपर्यंत चालतो. आमच्या नांदेड-लातूरकडं कॉलेजच्या कबड्डीचा सीझन सकाळी साडेदहाला सुरू होतो आणि पहिलीच मॅच हरलं तर दुपारच्या जेवणाआधी आटोपतो. बाद पद्धत आहे. वीस मिनिटं खेळायचं, पाच मिनिटं लिंबू चोखायचं, पुन्हा वीस मिनिटं खेळायचं, आणि पुढच्या वर्षी या. यंदा आमच्या कॉलेजचा सीझन दीड दिवस चालला. एवढ्या मुदतीत लोक गणपती बसवून उठवतात, त्यामुळं तक्रार नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. कबड्डी संघाचा व्यवस्थापक मी कसा झालो, तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाची जागा रिक्त होती आणि ज्या स्टाफ मीटिंगमध्ये हा प्रभार वाटला गेला, त्या वेळी मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

माझा भाचा मिशिगनच्या ॲन आर्बरला शिकतो. मूळचा लातूरचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्याला मैदान दिसलं ते ट्यूशनला जाता-येता, रिक्षातून. ‘लातूर पॅटर्न’मध्ये खेळाचा तास नसतो असं नाही, त्या तासाला फिजिक्सची टेस्ट असते एवढंच. तर हा पोरगा एका शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर आला. अंगात निळा-पिवळा सदरा, गालाला पिवळा रंग. मला वाटलं हळद लागली.

“मामा, एक लाख सात हजार सहाशे एक सीटं हायेत इथं.”

“आणि माणसं?”

“सगळी भरलीत.”

“कशाला जमलेत एवढे?”

“मॅच बघायला. कॉलेजच्या पोरांची.”

“फुकट?”

“नाही हो. तिकीट काढून.”

मी जरा वेळ गप्प बसलो. मग राहवेना म्हणून विचारलं, “मग ह्या लोकांचं सोयाबीन कोण काढायलंय?”

हा प्रश्न वाटतो तेवढा अडाणी नव्हता. मिशिगनमध्ये सोयाबीन होतं आणि ते ह्याच दिवसांत निघतं. पण तिकडं म्हणे एकच माणूस मशीनवर बसून सगळं रान मोकळं करतो आणि शनिवारी मॅचला हजर होतो. आमच्याकडं सोयाबीन काढायला घरातलं झाडून सगळं माणूस लागतं, आणि त्यातलं सगळ्यात धडधाकट माणूस नेमकं आमच्या संघाचा उजवा कोपरा सांभाळत असतं.

लाखभर माणसं एका जागी आम्ही बघितलीच नाहीत, असंही नाही. लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, नांदेड-लातूर रस्त्यालाच. घोडे, गाढवं, तमाशाचे फड, आणि कुस्त्या. कुस्तीच्या आखाड्याभोवती पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघतात. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेतही तेच. हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवार लातूर जिल्ह्यातले. ही नावं पानटपरीवरचा माणूससुद्धा झोपेतून उठवलं तरी सांगतो. तेव्हा खेळ बघायची हौस आम्हाला नाही, असं कुणी म्हणू नये. फक्त खेळ देवाच्या नावानं भरला पाहिजे. विद्यापीठाच्या नावानं भरला की प्रेक्षकांत उरतात बाद झालेले संघ, एनएसएसचे स्वयंसेवक, एक चहावाला, आणि मैदानाच्या पार त्या टोकाला एक जोडी, जिचं आपल्याकडं लक्ष नसतं आणि आपण तिच्याकडं देऊ नये.

भाच्यानं मला खेळ समजावून सांगितला. अकरा-अकरा जण समोरासमोर वाकून उभे राहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. मी म्हटलं, थांब. रेषा आहे, पलीकडं घुसायचं आहे, घुसणाऱ्याला कंबरेला मिठी मारून लोळवायचं आहे. ही हेल्मेट घातलेली कबड्डीच की! आमचा गडी दम धरून एकटा सात जणांत जातो, त्यांचा गडी दहा जणांचा बंदोबस्त घेऊन निघतो, एवढाच फरक. आणि दर पाच-सात सेकंदांनी खेळ थांबवून सगळे गोल करून चर्चा करतात. कामकाजाच्या ह्या पद्धतीला आमच्याकडं अभ्यास मंडळाची बैठक म्हणतात.

ह्या खेळाची पहिली कॉलेज मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला झाली, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. एका बाजूला पंचवीस गडी होते. रटगर्सनं ६-४ नं जिंकली. पुढं खेळ इतका रानटी झाला, की पोरं मैदानावर मरायला लागली. तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. इकडं आमच्या मैदानाच्या कडेला एक सिमेंटचा खांब आहे. दोन डावे कोपरारक्षक त्याच्यावर आपटलेत. तो हलवावा म्हणून पत्रं गेली आहेत. राष्ट्रपतींपर्यंत अजून विषय गेलेला नाही.

अमेरिकन फुटबॉल महाराष्ट्रात आलाच नाही, असं मात्र समजू नका. २०१२ साली ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ नावाचा प्रकार झाला आणि त्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. म्हणजे तोही पुण्यापर्यंत आला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. मराठवाड्याच्या अनुशेषाची मोजदाद १९८४ च्या दांडेकर समितीनं केली, तीत सिंचन आहे, रस्ते आहेत. हा अनुशेष कुठल्याच कोष्टकात नाही.

पण ज्या एका गोष्टीवर तिकडचा सगळा डोलारा उभा आहे, ती आमच्याकडं त्यांच्यापेक्षा काकणभर सरस आहे, आणि ती म्हणजे वैर. मिशिगनचं वैर शेजारच्या ओहायोशी. १८३५ साली टोलेडो नावाच्या गावावरून दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आल्या होत्या. युद्धात एका उपशेरीफला खिशातला चाकू लागला, जीवितहानी शून्य. शेवटी गाव ओहायोला मिळालं आणि मिशिगनची समजूत वरचा एक जंगली मुलूख देऊन काढली. १८९७ पासून ते दोघं फुटबॉल खेळून ते भांडण उगाळतात.

आता इकडं बघा. जानेवारी २००९ मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं. लातूर पेटलं. बंद झाले, मोर्चे झाले, कोर्ट झालं. इतकी वर्षं उलटली, आयुक्तालय नांदेडलाही नाही न् लातूरलाही नाही. दोघंही कामाला छत्रपती संभाजीनगरला जातात आणि बस एकच असली तरी वेगवेगळ्या सीटवर बसतात. गुणफलक म्हणाल तर नांदेडचे मुख्यमंत्री दोन, शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण. लातूरचे दोन, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. केंद्रात गृहमंत्री नांदेडचे शंकरराव, लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर, एक-एक. शपथविधी मोजले तर नांदेड ४-३ नं पुढं आहे, पण लातूरकर तो बोनस गुण मानत नाहीत.

इतकं दारूगोळा भरलेलं वैर आणि त्याच्यावर एक मॅच नाही! ओहायो-मिशिगनवाल्यांकडं एक आयुक्तालय असतं, तर त्यांनी त्याच्यावर शंभर वर्षं तिकिटं विकली असती. आमचं कॉलेज तर नेमकं ह्या दोन शहरांमधल्या रस्त्यावर आहे. अर्धं गाव बाजाराला नांदेडला जातं, अर्धं लातूरला. संघाचा डावा कोपरा आयुक्तालयाच्या बाबतीत नांदेडवादी, उजवा लातूरवादी. मधली साखळी एकमेकांचा हात धरते, ते केवळ खेळाच्या नियमात बसतं म्हणून.

कोचचा विषय मी टाळणार होतो. पण भाच्यानं सांगितलं आणि माझी झोप उडाली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, तिथल्या सरकारी विद्यापीठाचा फुटबॉलचा नाही तर बास्केटबॉलचा कोच असतो. अलाबामाचे निक सेबन निवृत्त झाले तेव्हा वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर घेत होते. मला प्रभारासाठी महिन्याला काही मिळत नाही. शिट्टी मिळाली होती, ती परत जमा करायची आहे. शिवाय संचालकाची जागा रिक्त म्हटल्यावर त्या जागेची बाकीची कामंही आली: पंधरा ऑगस्टची परेड, गॅदरिंगमधली शिस्त, परीक्षेचं फिरतं पथक आणि मोटारसायकली लावायची जागा. निक सेबननी कधी पार्किंगला दोरी बांधली असेल असं वाटत नाही.

मिशिगननं २०२३ चा सीझन पंधरापैकी पंधरा मॅच जिंकून मारला, ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून अजिंक्य ठरले. पण त्याच सीझनमध्ये त्यांच्या जिम हार्बो नावाच्या कोचला शेवटच्या तीन साखळी सामन्यांत मैदानावर यायला बंदी होती. कारण काय, तर त्यांच्या एका कर्मचाऱ्यानं पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचची तिकिटं काढून माणसं बसवली आणि त्यांच्या खाणाखुणांचं चित्रीकरण करून आणलं. हे मी आमच्या पोरांना सांगितलं. ते हळहळले. आमच्या खुणा चोरायला कुणी तिकीट काढून येईल, ह्या नुसत्या कल्पनेनं त्यांना भरून आलं.

आमचा खरा सामना कागदाशी असतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालं. म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच आमची औरंगाबादच्या विद्यापीठातूनही मुक्ती झाली. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे. आणि खेळायचं म्हटलं की, देशातल्या कुठल्याही विद्यापीठात, आधी पात्रता अर्ज. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, मागच्या परीक्षेचा निकाल, बोनाफाइड, आधार, फोटो, प्राचार्यांची सही, सहीवर शिक्का, शिक्क्याखाली तारीख. बारा पोरांचे हे कागद जमवताना मला कळलं, की चढाईत तीस सेकंदांत तीन गडी बाद करणारा पोरगा दहावीची सनद आणायला तीन आठवडे घेतो.

“अरे, सनद कुठं आहे?”

“मावशीकडं हाय सर.”

“मावशीकडं कामून?”

“पत्र्यातून पाणी येऊलालतं आमच्या घरी.”

हे ऐकल्यावर पुढचं बोलणं सुचत नाही. मी त्याला एसटीचं भाडं दिलं.

तिकडच्या खेळाडूला आता नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता येतात, २०२१ पासून. कॉलेज बदलायची तर रीतसर बाजारपेठच आहे. आमच्याकडं त्याला ‘ॲडमिशन’ म्हणतात. आमचा मुख्य चढाईपटू मराठीत एम.ए. झाला. मग इतिहासात झाला. सध्या लोकप्रशासनात आहे. ज्ञानाची ही तहान पाहून बाहेरचे पाहुणे भारावतात. वयाची अट ओलांडेपर्यंत तो शिकत राहणार, आणि त्याला शिकवत राहायचं आमच्या तिन्ही विभागांनी ठरवलं आहे. फी माफ, वसतिगृह माफ, हजेरी माफ.

तारखा हा वेगळाच खेळ. स्पर्धा सप्टेंबरात ठेवावी तर मराठवाड्याचा खरा पाऊस तेव्हाच येतो आणि मैदानाचा चिखल होतो. ऑक्टोबरात सोयाबीन. मग दिवाळी. मग सेमिस्टर परीक्षा. डिसेंबरात ढकलावी तर येळवस. लातूरकडचा माणूस वेळ अमावस्येला शहरात सापडला तर समजावं, तो बाहेरगावचा आहे. सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी आणि आंबील. एका वर्षी कुणी तरी परजिल्ह्यातल्या साहेबानं नेमका तोच दिवस धरला होता म्हणतात. दोन्ही संघ आले नाहीत, पंच आले नाहीत, आणि उद्घाटक शेतातून फोनवर म्हणाले, तुम्हीच इकडं या.

मुलींच्या खो-खोबद्दल मी चेष्टा करणार नाही. आमच्या शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं आणि कर्णधार होती बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे. ह्याला म्हणतात सीझन. आमच्या कॉलेजच्या मुलींचा संघ यंदा अंतिम फेरीपर्यंत गेला. पेपरात फोटो आला, खाली नावं प्राचार्यांची, उपप्राचार्यांची, माझी, आणि ‘व इतर’. त्या इतर बारा जणी होत्या, आणि त्या सकाळी पाचला उठून खुंटांभोवती धावत होत्या तेव्हा आम्ही तिघंही घोरत होतो.

तर कबड्डी. यंदा स्पर्धा नांदेडला. सकाळी वजनं झाली. आमचा उजवा कोपरा मर्यादेच्या काठावर असल्यानं त्यानं आदल्या दुपारपासून अन्न सोडलं होतं. मुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या वासानंसुद्धा वजन वाढतं अशी त्याची समजूत. काट्यावर पास झाला. मग उद्घाटन. चाळीस मिनिटांच्या मॅचआधी दीड तास सत्कार झाले. प्रमुख पाहुण्यांनी मोकळ्या मैदानात एक चढाई केली आणि बिनविरोध परत आले, त्यांच्या एकूण कारकिर्दीला ते शोभलं.

पहिली मॅच आम्ही पुढे चाल मिळून जिंकली. समोरच्या संघाची चार पोरं सोयाबीनला आणि दोघांची सनद मावशीकडं. संध्याकाळची मॅच मात्र खरी झाली. परभणीकडचा संघ होता, उंचेपुरे गडी. मध्यंतराला आम्ही सहानं मागं. मग आमच्या डाव्या कोपऱ्यानं एका मागोमाग एक तीन वेळा घोटा धरून त्यांचा मुख्य गडी बसवला, आम्ही लोण चढवला आणि ३४-३१ नं निघालो. चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या. त्या टोकाच्या जोडीनंही पहिल्यांदा इकडं पाहिलं.

रात्री जेवायला आम्ही सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. नांदेडला खेळायला आलेल्या संघाला हे सुख आहे. श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावानं इथं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते, तिला देशभरातून संघ येतात, तेही पंगतीला बसतात. आमची पोरं मांडी घालून बसली. दाल, रोटी, खीर. वाढणारे सेवादार न विचारता वाढत होते. कालपासून उपाशी असलेला उजवा कोपरा असा जेवला, की शेजारच्या पंजाबी आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी त्याचा परिणाम दिसला. त्याला वाकता येत होतं, उठता येत नव्हतं.

उपांत्य सामना लातूर शहरातल्या संघाशी, नांदेडच्या मैदानावर. आमचा नांदेडवादी डावा कोपरा पेटून खेळला. लातूरवादी उजवा जड पोटानं खेळला. शेवटच्या चढाईला आम्ही २७-२८. एका गुणानं मागं. बोनस मिळाला तर बरोबरी. आमचा चढाईपटू गेला, हूल दिली, पाय सर्रकन बोनस रेषेपार टाकला, तसाच परत आला आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागला. पंच हलले नाहीत. बोनस मिळतो तो समोर निदान सहा गडी असले तरच. समोर पाच होते. पोरगं तीन विषयांचा अभ्यास केलेलं. त्यात गणित नव्हतं.

त्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाली ते बरं झालं. विद्यापीठाचा कलर कोट मिळाला. आमच्याकडं ह्या कोटाची किंमत अमेरिकेतल्या कुठल्याही करारात बसणार नाही. मेच्या त्रेचाळीस डिग्रीत, चुलतभावाच्या लग्नात, तो कोट अंगावर चढतो, वरचं बटणसुद्धा न काढता, आणि पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा विषय निघाला की मुलीचे मामा खुर्ची जवळ ओढतात.

माझा सीझन मात्र अजून चालू आहे. परत आल्यावर मी खर्चाचं बिल सादर केलं. एसटीची तिकिटं होती, लिंबांची चिठ्ठी होती, क्रेप बँडेजची पावती होती. हिशेबनीस चष्म्यावरून म्हणाले, “सर, जेवणाचं बिल?”

“लंगरला जेवलो. बिल नसतं.”

“एखादी पावती?”

“पोरांनी वर्गणी काढून एकशे एक रुपये दिले, त्याची आहे.”

“ती देणगी झाली. क्रीडा शीर्षात देणगी बसत नाही. तीन हॉटेलांची दरपत्रकं आणा, सगळ्यात कमी दर मंजूर करू.”

“सगळ्यात कमी दर शून्य होता हो.”

“मग दरपत्रक आणा शून्याचं.”

मी आणलं नाही. गेल्या आठवड्यात फाइल लेखापरीक्षणातून परत आली. समासात लाल शाईनं लिहिलं आहे: ‘सदर संघाने नांदेड मुक्कामी भोजन केल्याचा कोणताही पुरावा आढळून येत नाही. उपाशीपोटी उपांत्य फेरी गाठल्याची बाब प्रशंसनीय असून, पुढील वर्षी भोजन भत्त्याची तरतूद रद्द करण्यास हरकत नसावी.’